एका आठवड्यात उतरलेला बिबट्या

3 मार्च 1938 रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये एक सिनेमा लागला आणि आठवडा होताच उतरवला गेला. त्याच्या जागी बेटी डेव्हिसचा 'जेझेबेल' आला. आठवड्याचा गल्ला 70,000 डॉलर. दुसऱ्या एखाद्या थिएटरच्या मालकाने या आकड्यावर पेढे वाटले असते, पण सहा हजारांच्या आसपास खुर्च्या असलेल्या त्या महालात एवढ्यावर भागत नव्हतं. उतरलेल्या सिनेमाचं नाव 'ब्रिंगिंग अप बेबी'. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, नायक कॅरी ग्रँट, नायिका कॅथरिन हेपबर्न. नावातलं बाळ म्हणजे एक माणसाळलेला बिबट्या.

1990 साली हाच सिनेमा अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत गेला, म्हणजे राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या यादीत. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने 2000 साली अमेरिकेतल्या शंभर विनोदी चित्रपटांची यादी केली, तिच्यात तो 14 वा होता. सर्व प्रकारच्या शंभर सर्वोत्तम चित्रपटांत 1998 ला 97 वा, 2007 ला 88 वा. सिनेमा तोच, मग मधल्या काळात घडलं काय?

या प्रश्नाचं तयार उत्तर सगळ्यांच्या खिशात असतं: तो काळाच्या पुढे होता. मला ते कधीच पटलं नाही. पडलेल्या आणि पुढे आवडू लागलेल्या कुठल्याही सिनेमाच्या डोक्यावर ही टोपी बसते. कागदपत्रं आणि तारखा बघत गेलं की उलटंच दिसतं. हा सिनेमा जरा उशिरा आला होता.

गोष्ट

डेव्हिड हक्स्ली हा संग्रहालयातला जीवाश्मतज्ज्ञ. चार वर्षं तो ब्रॉन्टोसॉरसचा सांगाडा जोडतोय. शेवटचं एक हाड यायचंय, उद्या मिस स्वॉलोशी लग्न आहे आणि एक श्रीमंत बाई संग्रहालयाला दहा लाख डॉलर देण्याच्या विचारात आहेत. त्या बाईंच्या वकिलाशी गोड बोलायला डेव्हिड गोल्फच्या मैदानावर जातो. तिथे सुझन व्हान्स नावाची मुलगी आधी त्याचा चेंडू मारते, मग त्याचीच गाडी घेऊन निघते. ती आपल्या हक्काचंच वापरतेय याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नसते. पुढे ब्राझीलमधून भावाने पाठवलेला बिबट्या, कनेक्टिकटला मावशीचं घर, हाड पळवून पुरणारा कुत्रा, सर्कशीतून निघालेला दुसरा आणि खरोखरच धोकादायक बिबट्या, शेवटी सगळी मंडळी कोठडीत. ती श्रीमंत बाई म्हणजे सुझनची मावशीच निघते, हे वेगळं सांगायला नको.

डेव्हिड ज्यासाठी जिवाचं रान करतो त्या हाडाला सिनेमात 'इंटरकॉस्टल क्लॅव्हिकल' म्हटलंय. असं हाड कुठल्याच प्राण्याच्या शरीरात नसतं. एक पंडित माणूस अस्तित्वातच नसलेल्या वस्तूसाठी अंगणभर खड्डे खणतो, हा विनोद हॉक्सने कुठेही समजावून सांगितलेला नाही.

धडपडीचा विनोद आणि प्रेमकथा यांची सांगड इथे कशी बसली आहे हे बघायचं तर हॉटेलातलं दृश्य बघावं. सुझनच्या हातून पडलेल्या ऑलिव्हवरून डेव्हिड घसरतो आणि स्वतःच्याच उंच हॅटवर बसतो. थोड्या वेळाने तिच्या हातून त्याच्या कोटाची मागची शिवण उसवते. तो चिडून निघतो आणि आता तिच्या झग्याचा मागचा पडदाच फाटून वेगळा होतो. तिला पत्ता नाही. ती त्यालाच चार शब्द सुनावतेय आणि हा बिचारा हॅटने तिची पाठ झाकायला धडपडतोय. तिला वाटतं, माणूस अंगचटीला येतोय. शेवटी तिला कळतं तेव्हा तो तिला मागून चिकटतो आणि दोघं पावलाला पाऊल जुळवत, कवायत केल्यासारखी, भरल्या हॉटेलातून बाहेर पडतात.

1934 पासून हॉलिवूडमध्ये सेन्सॉरची आचारसंहिता कडक झाली होती, शरीराची जवळीक दाखवायची सोय उरली नव्हती. मग ती अशी दाखवायची. एका मिनिटापूर्वी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं आता एका लयीत चालताहेत. नायकाच्या तोंडून प्रेमाची कबुली येते ती अगदी शेवटी, बाजूला नायिका शिडीवर झोके घेत असताना. पण पाहणाऱ्याला निकाल त्या हॉटेलातच कळलेला असतो.

सेटवर

मूळ कथा हेगर वाइल्ड यांची, 1937 साली 'कॉलियर्स' साप्ताहिकात आलेली. पटकथा त्यांनी डडली निकोल्ससोबत लिहिली. चित्रीकरण 23 सप्टेंबर 1937 ला सुरू झालं. 20 नोव्हेंबरला संपायचं होतं, संपलं 6 जानेवारी 1938 ला.

उशीर का झाला याची कारणं सिनेमाइतकीच मजेशीर आहेत. पहिलं कारण हेपबर्न. 1933 च्या 'मॉर्निंग ग्लोरी'साठी ऑस्कर मिळवलेल्या या नटीने असा विनोद पूर्वी केलेला नव्हता आणि सुरुवातीला ती 'विनोदी' अभिनय करायला लागली, म्हणजे स्वतःच्याच वाक्यांवर हसायला लागली. हॉक्सच्या सांगण्याने काही होईना. शेवटी त्याने वॉल्टर कॅटलेट या रंगमंचावरच्या मुरलेल्या विनोदी नटाला गाठलं. कॅटलेटने तिच्या प्रसंगातली वाक्यं गंभीर चेहऱ्याने करून दाखवली. हेपबर्नला मुद्दा कळला आणि या माणसाला सिनेमात घ्याच म्हणून तिने हट्ट धरला. कोठडीच्या प्रसंगातला गोंधळलेला कॉन्स्टेबल स्लोकम तो हाच. ग्रँटला मात्र हॉक्सने एकच दिशा दिली होती: मूकपटांच्या काळातला गोल चष्मेवाला हॅरल्ड लॉइड आठव. ग्रँट मूळचा ब्रिस्टलचा, लहान वयात कसरतपटूंच्या ताफ्यात वाढलेला, पडायचं कसं हे त्याला शिकवावं लागलं नाही.

दुसरं कारण निसा, म्हणजे दोन्ही बिबट्यांच्या भूमिका करणारी बिबट्याची मादी. ग्रँट तिला जाम घाबरायचा. हेपबर्न घाबरत नव्हती, एका दिवसापर्यंत. त्या दिवशी तिच्या झग्याच्या घेराला वजनं शिवलेली होती. ती गर्रकन वळली, घेर फिरला आणि निसा तिच्या पाठीवर झेपावली. प्रशिक्षक ओल्गा सेलेस्ट यांच्या चाबकामुळे निभावलं. नट आणि बिबट्या एका चौकटीत दिसतात अशा बऱ्याच जागा वेगवेगळ्या चित्रित करून लिनवुड डनच्या तंत्रज्ञांनी नंतर जोडल्या. हे काम वेळखाऊ होतं. आणि तिसरं कारण, ग्रँट आणि हेपबर्न यांना हसू आवरत नव्हतं. टेकवर टेक वाया जात होते.

सिनेमा बनवणारी आरकेओ ही कंपनी 1933 पासून दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकलेली होती. तिथल्या हिशेबनिसांना या हास्याची किंमत दिसत होती, कारण मुदत लांबली की मोठ्या मंडळींचं मानधन वाढणार अशी कलमं करारात होती.

परीक्षणं

आता नेहमी सांगितली जाणारी दंतकथा: समीक्षकांनी झोडपलं, लोकांनी पाठ फिरवली, सिनेमा पडला. यातला पहिला भाग तर चूकच आहे. सिनेधंद्याचं साप्ताहिक 'व्हरायटी'ने हॉक्सच्या गतीचं कौतुक केलं, हेपबर्नचं काम तिच्या सर्वांत तरतरीत कामांपैकी एक ठरवलं आणि तक्रार केली ती फक्त कोठडीचा प्रसंग लांबल्याची (ती रास्त आहे, आजही तिथे माझं लक्ष घड्याळाकडे जातं). 'न्यूयॉर्कर'च्या जॉन मोशरला हेपबर्न इतकी प्रसन्न पूर्वी कधी वाटली नव्हती. 'न्यू रिपब्लिक'मध्ये ओटिस फर्ग्युसनने लिहिलं की सिनेमा पहिल्या क्षणापासून हसवतो, त्यात हसण्यापलीकडे काही अर्थ नाही, आणि त्या हंगामातल्या कुठल्याही तीन गोष्टींच्या बदल्यातही तो हा सिनेमा देणार नाही.

झोडपणारा एक होता, पण तो मोक्याच्या जागी बसलेला होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'चा फ्रँक न्यूजंट. 4 मार्चच्या अंकात त्याने हेपबर्नला ठरवून घायाळ केलं. या भूमिकेला धाप लागलेली, बेअक्कल आणि भयंकर थकवणारी बाई हवी होती, हेपबर्नने ते साधलं आहे, आणि ते सगळंच अभिनयाचं श्रेय नसावं, अशा अर्थाचं. विनोद कसे जड पावलांनी, चाहूल देत येतात, तेही लिहिलं. पण या प्रकरणाची किल्ली त्याच्या पुढच्या टोमण्यात आहे. तो म्हणतो, तुम्ही आयुष्यात कधी सिनेमाला गेला नसाल तर यातलं सगळं तुम्हाला नवं वाटेल. पण सिनेमाला गेला नाही असा आहे कोण?

हा टोमणा कुचका आहे, आणि त्या दिवसापुरता अचूकही. 1934 मध्ये 'इट हॅपन्ड वन नाइट' आला, पाच मुख्य ऑस्कर घेऊन गेला आणि श्रीमंत घरातली हट्टी मुलगी व तिच्यामागे फरफटणारा पुरुष हा साचा तयार झाला. त्याच वर्षी खुद्द हॉक्सचा 'ट्वेंटिएथ सेंच्युरी' येऊन गेला. 1936 ला 'माय मॅन गॉडफ्री'. आणि 'बेबी'च्या जेमतेम चार महिने आधी, ऑक्टोबर 1937 मध्ये, 'द ऑफुल ट्रूथ'. त्यातही कॅरी ग्रँट होता. इतकंच नाही, त्यात कुत्राही हाच होता! स्किपी नावाचा हा टेरियर त्या काळी चांगलाच मागणीत होता. पोटासाठी रोज सिनेमा पाहणाऱ्या माणसासमोर हे पाचवं-सहावं ताट आलं, तेही मसाला दुप्पट करून. त्याला चव कळली नाही याचा मला राग येत नाही.

इथे माझ्या म्हणण्याला एक अडचण आहे. रेडिओ सिटीतून 'बेबी' उतरली त्याच सुमारास, 10 मार्च 1938 ला, ऑस्करचा समारंभ झाला आणि उत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक 'द ऑफुल ट्रूथ'साठी लिओ मॅकॅरीला मिळालं. म्हणजे लोक या प्रकाराला विटले होते असंही सरसकट म्हणता येत नाही. त्याकडे येतोच, आधी पैशांचं बघू.

हिशेब

'बेबी' सगळीकडे पडली नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट थिएटरात 16 फेब्रुवारीला पहिला खेळ झाला, तिथे ती चालली. लॉस एंजेलिस, पोर्टलंड, डेन्व्हर, सिनसिनाटी, वॉशिंग्टन इथेही चालली. मिडवेस्टच्या बहुतेक भागात आणि न्यूयॉर्कमध्ये आपटली. पहिल्या फेरीत देशातून 7 लाख 15 हजार आणि परदेशातून 3 लाख 94 हजार, मिळून 11 लाख 9 हजार डॉलर आले. आरकेओने तोटा दाखवला 3 लाख 65 हजारांचा.

ठरलेला खर्च होता सुमारे 7 लाख 67 हजार. झाला सुमारे 10 लाख 97 हजार. फरक 3 लाख 30 हजार. हा आकडा तोट्याच्या शेजारी ठेवून बघा. वितरण आणि जाहिरातीचा खर्च धरूनही सिनेमा ठरल्या पैशांत झाला असता तर तोटा किरकोळ राहिला असता, आणि 1940-41 च्या पुनर्प्रदर्शनात आलेल्या दीड लाखात तो भरून निघून वर काही उरलं असतं. तिकीटबारीवर जे झालं ते बेताचं होतं. मोठी गळती सेटवर आधीच झालेली होती. पण स्टुडिओच्या दफ्तरात 'तोटा' एवढाच शब्द राहतो, आणि इतिहास लिहिणारे दफ्तर बघून लिहितात.

शिक्षा मात्र लगेच झाली. हॉक्सकडे आरकेओचा 'गंगा दिन' यायचा होता. तो काढून घेऊन जॉर्ज स्टीव्हन्सला दिला. हेपबर्नला 'मदर केरीज चिकन्स' नावाचा दुय्यम सिनेमा देऊ केला. अपमान तिला बरोबर कळला आणि तिने पदरचे पैसे भरून करारातून सुटका करून घेतली.

हेपबर्नबद्दल एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी उलटी छापली जाते. थिएटरमालकांच्या संघटनेचा हॅरी ब्रँट याने ज्या जाहिरातीत तिला तिकीटबारीचं विष म्हटलं, तिच्यामुळे 'बेबी' पडली असं लिहितात. ती जाहिरात मे 1938 ची आहे. सिनेमा फेब्रुवारीचा. शिवाय त्या यादीत ग्रेटा गार्बो, मार्लिन डीट्रिच, जोन क्रॉफर्ड आणि फ्रेड अस्टेअरही होते, म्हणजे विषाचा डबा बऱ्यापैकी नामांकित होता. तिचे आधीचे 'सिल्व्हिया स्कार्लेट', 'मेरी ऑफ स्कॉटलंड', 'क्वालिटी स्ट्रीट' पडले होते, त्यामुळे तिच्याबद्दल नाराजी होती हे खरं. पण जाहिरातीला कारण ठरवणं म्हणजे धूर बघून पाऊस पडला म्हणण्यासारखं आहे.

हॉक्सची कबुली

पुढे पीटर बोग्दानोविच या चित्रपट-अभ्यासकाशी बोलताना हॉक्सने स्वतःच निदान केलं होतं: या सिनेमात एकही सरळ माणूस नव्हता, जो भेटेल तो चक्रम, ही मोठी चूक झाली आणि मी त्यातून शिकलो.

मघाची अडचण इथे सुटते असं मला वाटतं. 'द ऑफुल ट्रूथ'मध्ये राल्फ बेलामीने केलेला ओक्लाहोमाचा साधा, आईच्या अर्ध्या वचनातला गृहस्थ आहे. त्याच्याशी तुलना करून प्रेक्षक नायक-नायिकेच्या वेडेपणाचं माप काढू शकतो. 'बेबी'त असं माप नाही. मानसोपचारतज्ज्ञ स्वतः डोळे मिचकावतो. शिकारी मेजर ॲपलगेट बिबट्याची डरकाळी पक्ष्याच्या आवाजासारखी ऐकतो. माळी पिऊन असतो. कॉन्स्टेबल तर अख्ख्या गावालाच कोंडतो. सतत वरच्या पट्टीत गाणाऱ्या गवयासारखं हे झालं: दाद द्यायला श्वासच मिळत नाही. त्यात संवाद एकमेकांवर चढलेले. भरल्या थिएटरात एका वाक्यावर हशा पिकला की पुढची दोन वाक्यं बुडाली. हॉक्सने धडा गिरवला तो 1940 च्या 'हिज गर्ल फ्रायडे'त. ग्रँट होताच. सरळ माणसाच्या जागेसाठी त्याने कोणाला आणलं? राल्फ बेलामीला.

तरीही मी हॉक्सशी पूर्ण सहमत नाही. सरळ माणूस 'बेबी'त आहे, फक्त तो उरत नाही. पहिल्या दृश्यात डेव्हिड सरळच आहे, इतका की भावी बायको त्याला सांगते की लग्न म्हणजे तुझ्या कामाची पुढची पायरी, मधुचंद्र वगैरे काही नाही, आणि तो ते ऐकून घेतो. सुझन त्याचा एकेक आधार काढून घेते: चेंडू, गाडी, कोट, मग अंगावरचे सगळे कपडे. तो तिचा झालरी लावलेला झगा घालून दारात उभा असतो आणि मावशी विचारते, हे काय ध्यान. तेव्हा ग्रँट हवेत उडी मारून जे वाक्य टाकतो ते पटकथेत नव्हतं. मी अचानक 'गे' झालोय, असं ते वाक्य. त्यातल्या 'गे' शब्दाचा 1938 सालच्या प्रेक्षकाने कोणता अर्थ घेतला, आनंदी की समलिंगी, यावर अभ्यासकांची अजून जुंपते. मला त्या उडीत जास्त रस आहे. ती उडी मारणारा माणूस आता संग्रहालयात परत मावणार नाही.

दुसरा प्रेक्षक

मे 1953 मध्ये 'काहिए द्यु सिनेमा' या फ्रेंच सिनेमासिकात समीक्षक झाक रिव्हेतने हॉक्सच्या प्रतिभेवर लेख लिहिला आणि फ्रेंच तरुणांनी हॉक्सला डोक्यावर घेतलं. 1962 मध्ये बोग्दानोविचने न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये हॉक्सच्या चित्रपटांचा महोत्सव भरवला. 1981 मध्ये हार्वर्डचे तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी पुनर्विवाहाच्या विनोदपटांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात 'बेबी'ला प्रकरण दिलं. नायक-नायिकेचं आधी लग्नच झालेलं नाही, मग हा पुनर्विवाह कसा, हे पटवताना त्यांची तारांबळ उडते. वाचायला मजा येते.

पण लेखांनी सिनेमा जिवंत होत नाही, तो पुन्हा दिसावा लागतो. 1955 च्या अखेरीस आरकेओचा जुना साठा टेलिव्हिजनसाठी विकला गेला आणि 'बेबी' अमेरिकेच्या दिवाणखान्यांत पोहोचली. ती बघणाऱ्या पोराटोरांनी 'माय मॅन गॉडफ्री' पाहिलेला नव्हता. साचा माहीत नव्हता, त्यामुळे साच्याचा कंटाळाही नव्हता. छोट्या पडद्यासमोर चार माणसं हसतात, हजारो नाही, तेव्हा एकावर एक चढलेली वाक्यंही ऐकू येऊ लागली. सिनेमाला गेला नाही असा आहे कोण, हे न्यूजंटने उपहासाने विचारलं होतं. वीस वर्षांनी त्याला उत्तर मिळालं: एक अख्खी पिढी.

न्यूजंट तोवर टीका सोडून पटकथा लिहू लागला होता. जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' त्याचा. 'बेबी'चा सहलेखक निकोल्सही फोर्डचा जुना लेखक. दोघं एकाच दिग्दर्शकाच्या पंगतीला जेवले.

1972 मध्ये बोग्दानोविचने स्वतः एक विनोदपट केला, 'व्हॉट्स अप, डॉक?'. चष्मेवाला विसराळू संशोधक, त्याची करडी वाग्दत्त वधू, त्याच्यामागे लागलेली बिनधास्त मुलगी, उसवलेला कोट. उसनवारी त्याने लपवली नाही. सिनेमा लागला रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये आणि तुफान चालला. बोग्दानोविचने ही बातमी द्यायला कॅरी ग्रँटला फोन केला. ग्रँट म्हणाला, छान, माझे अठ्ठावीस तिथे लागले. मग त्याने सल्ला दिला: तू जा आणि मागे उभा राहा. तू केलेल्या गोष्टीवर साडेसहा हजार माणसं हसतात ते नुसतं ऐक.

त्या अठ्ठावीसांतल्या एकाला तिथे आठच दिवस मिळाले होते, याचा उल्लेख त्याने केला नाही.